केडगावच्या मादीची सहा पिल्लं

सावेडी, अहमदनगर
रविवार, २६ नोव्हेंबर १९७२

गोरक्ष यास,

वर 'प्रिय' लिहायचं राहून गेलेलं नाही, मुद्दाम लिहिलेलं नाही. तुझा पत्ता शाळेच्या ऑफिसातून मिळवला. सुप्याजवळ सासुरवाडीला तू आणि राहीबाई पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडता असं कळलं. वाईट वाटलं. सात वर्षं माझ्या प्रयोगशाळेचा शिपाई होतास, माणसाला वाईट वाटतंच. पण वाईट वाटणं वेगळं आणि पटणं वेगळं, आणि मला अजून काहीही पटलेलं नाही.

घटनाक्रम पुन्हा मांडतो. चुकलं असेल तिथे बोट ठेव.

केडगावला कडब्याच्या गंजीत सापडलेली तस्कर सापाची मादी आपण गेल्या वर्षी जानेवारीत आणली. बिनविषारी, शांत. नावच तस्कर, त्यात तिचा काय दोष. मानेवर दोन काळ्या रेघा, आपल्या सपाटीवरच्या सगळ्या तस्करांना असतात तशा. ती काचेच्या पेटीत कायम एकटी. यंदा २१ जूनला तिने सहा अंडी घातली. मी म्हणालो, पकडण्याआधीच कुठे जुळली असेल, सापांच्या माद्या बीज साठवून ठेवतात असं पुस्तकात आहे. २४ ऑगस्टला सहाही अंडी फुटली. तीन पिल्लं आईसारखी, आणि तिघांच्या मानेवर रेघांच्या जागी तपकिरी आडवा पट्टा. शिक्षकांच्या खोलीत लगेच सुरू झालं की हे नागाचं बीज, विषारी निघणार. ते सोड. मी रंगीत चित्रं काढून मुंबईच्या एका जाणकार गृहस्थांना पाठवली आणि लिहिलं की सपाटीच्या तस्करात मला नवा रंगभेद सापडला आहे.

त्यांचं उत्तर तूच टपालातून आणून दिलंस. हा रंगभेद नाही, संकर दिसतो. घाटातल्या तस्करांच्या मानेवर असा पट्टा असतो. बाप घाटाकडचा असावा. मादीजवळ कोणी नर ठेवला होता काय ते कळवावे.

मी ठेवला नव्हता. मग कोणी ठेवला? पेटीची किल्ली दोघांकडे, तुझ्याकडे आणि माझ्याकडे. दोघांत घाटाकडचा कोण, तर तू, राजूरचा. एप्रिलमध्ये जत्रेहून बारा तारखेला परत आलास तेव्हा तुझ्या हातात फडक्याचं गाठोडं होतं. मी विचारलं तर म्हणालास, "हिरडं हायती सर." हिरडे मी डोळ्यांनी पाहिले नाहीत.

मुख्याध्यापकांना मी एवढंच सांगितलं होतं की चौकशी करा. तुला काढून टाका असं माझ्या तोंडून गेलेलं नाही. नागाच्या बीजाच्या गप्पा त्यांच्या कानावर होत्याच. बाहेरचा साप शाळेत आणून मुलांच्या जिवाशी खेळ केला, असं म्हणून ९ ऑक्टोबरला त्यांनी तुला घरी बसवलं. त्यात माझा हात किती, हे ज्याने त्याने ठरवावं.

आता कामाचं. १५ जानेवारीला संस्थेच्या समितीची बैठक आहे. तुझ्या जागेवर कायमचा माणूस त्या दिवशी नेमतील. मग ब्रह्मदेव आला तरी काही करता येणार नाही. त्याआधी दोन ओळी लिहून दे की नर मी ठेवला, कुतूहल म्हणून ठेवला. मी रदबदली करीन. कुतूहल हा गुन्हा नाही, लपवणं हा आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मादी माझ्या घरी होती, पण तिथे तिच्याजवळ कोणताही नर नव्हता, हे मी शपथेवर सांगतो.

नृसिंह


सावेडी
रविवार, १० डिसेंबर १९७२

गोरक्ष,

तुझं कार्ड मिळालं. "सर, मी नर ठेवला नाही. गाठोड्यात हिरडेच होते. अर्धे सासूला दिले, अर्धे तुमच्या बाईंना दिले. त्यांना विचारा. मे महिन्यात मादी तुमच्याकडे होती, तिथलं मला माहीत नाही."

बस. ना ख्यालीखुशाली, ना नमस्कार. अक्षरही तुझं वाटत नाही, फार सरळ आहे. कामावरच्या मुकादमाने लिहून दिलं का? मग त्याला किती सांगितलंस आणि त्यातलं किती खरं?

आणि इंदूला विचारा म्हणतोस, ही मात्र हुशारी आहे. तिला विचारायचं तर आधी सगळं सांगावं लागेल. तिला मी एवढंच सांगितलं आहे की सासऱ्याचं रान बघायला म्हणून तू आपण होऊन नोकरी सोडलीस. बायकांना शाळेतल्या भानगडी कशाला सांगायच्या? ती तेव्हा म्हणाली होती, "या साली रान काय बघणार, रानात आहे काय?" मी विषय बदलला.

इकडची हालत ऐक. तुझ्या जागेवर तात्पुरता घेतलेला कानिफनाथ पेटीपाशी जाताना मारुतीचं नाव घेतो आणि पाण्याची वाटी चिमट्याने लांबून सरकवतो. दोनदा सांडली. पिल्लांना पालींची पिल्लं पकडून आणायला सांगितलं तर दुसऱ्या दिवशी आजारी पडला. मीच आणतो. गच्चीवर पालींमागे धावणारा मास्तर पाहून पोरं हसतात.

पिल्लांनी पुन्हा कात टाकली. "डोळा निळा झाला की रंग खोटं बोलतो, कात टाकल्याबिगर रंग सांगू नगा सर," असं तू नेहमी म्हणायचास, म्हणून मी आठ दिवस थांबून मगच चित्रं काढली. एक, दोन आणि पाच नंबरच्या मानेवर दोन रेघा, पण आईच्या रेघांपेक्षा आखूड. तीन आणि सहा नंबरला तपकिरी पट्टा. चार नंबरचं कोडं आहे. पट्टा मध्ये तुटलाय आणि त्याच्याखाली दोन रेघा अंधुक दिसतात. दोन्ही बाजूंचं एकाच मानेवर. म्हणजे मुंबईच्या गृहस्थांचं म्हणणं खरं. बाप घाटातलाच. तेव्हा तुझ्यावरचा संशय कमी झाला नाही, उलट वाढला, हे लक्षात घे.

आणखी एक. माझं नवं कोरं पांढरं उपरणं, मेहुण्याच्या लग्नात आहेरात आलेलं, घरातून नाहीसं झालं आहे. इंदू म्हणते, "असेल कुठेतरी." ती अशी गुळमुळीत कधी बोलत नाही. तिचं आणि राहीबाईंचं गूळपीठ मला माहीत आहे. ते उपरणं तुझ्याकडे पोचलं असेल तर ठेवून घे, थंडी आहे. पण माझ्या पाठीमागे माझ्या घरातून काय काय जातं, हे मला कळायला हवं.

बैठकीला पाच आठवडे उरले.

नृसिंह


सावेडी
रविवार, २४ डिसेंबर १९७२

गोरक्ष,

या वेळी एकच ओळ. "मे महिन्यात मादीजवळ काय होतं ते तुम्ही लिहा, मग मी लिहितो. उपरणं आलेलं नाही."

याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा. पत्र दोनदा वाचून फडताळात टाकलं, मग पुन्हा काढलं. तुला हे कसं सुचलं? राजूरहून कोणी काही कळवलं का? तुझी आई साळूबाई बाजारात बसते, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. तिने मला पाहिलं असणार.

ठीक आहे. लपवण्यासारखं त्यात काही नाही, म्हणून लिहितो.

मे महिन्याच्या सुरुवातीला राजूरला शिक्षकांचं चार दिवसांचं शिबिर होतं. मी गेलो होतो. शिबिराच्या मागे दगडी बांधात तस्कर दिसला. मी पकडला. मानेवर तपकिरी पट्टा, अंग आपल्या तस्करापेक्षा गडद. त्या रंगाचा मी आधी कधीच पाहिला नव्हता, मोह झाला. उशीच्या अभ्र्यात घालून एसटीने आणला. शेजारच्या माणसाने आत काय म्हणून विचारलं तर मी म्हणालो, हिरडे. आता हे वाचून हसू नकोस.

घरी इंदूने शाळेचा एकच साप ठेवायची परवानगी दिली होती, तीही मागच्या पडवीत, जाळी लावलेल्या ट्रंकेत. दुसरा आणला असं सांगितलं असतं तर दोन्ही गेले असते आणि बहुधा मीही. म्हणून सहा तारखेपासून दहा तारखेपर्यंत राजूरचा साप त्याच ट्रंकेत ठेवला. खाईना, म्हणून सावेडीच्या पुढे बांधावर सोडून दिला. मुख्याध्यापकांना बोललो नाही, कारण बाहेरून साप आणायचे नाहीत हा त्यांचा नियम. मुंबईलाही कळवलं नाही, कारण त्यांचा प्रश्न नराबद्दल होता.

आणि राजूरचा साप मादी होती. हे मी हवेत म्हणत नाही. शेपटीखालच्या खवल्यांच्या जोड्या मोजल्या. नराची शेपूट लांब, त्याच्या जोड्या जास्त भरतात, हे तुलाही माहीत आहे. हिच्या एकसष्ट भरल्या. आपल्या केडगावच्या मादीहूनही कमी. शेपटीचं टोक तुटलेलं होतं, हे मान्य. पण तुटून तुटून कितीसं तुटलं असणार?

तेव्हा दोन माद्या चार दिवस एका ट्रंकेत होत्या. त्यातून पिल्लं होत नाहीत. मी शपथेवर 'नर नव्हता' लिहिलं होतं, ते अक्षरशः खरं आहे.

आता तुझी पाळी. आणि हे राजूरचं प्रकरण तू कोणाला दाखवणार नाहीस असं मी धरून चालतो. मुकादमालाही नाही.

नृसिंह


सावेडी
रविवार, ७ जानेवारी १९७३

गोरक्ष,

पंधरा दिवस तुझं उत्तर नाही. आता ते नकोच आहे.

उपरणं सापडलं. ते कसं, ते लिहिताना लाज वाटते, पण लिहितो. इंदू परवा दुपारी हळदीकुंकवाचं बोलावणं करायला बाहेर पडली तेव्हा मी तिचं कपाट उचकलं. तुमच्याकडून आलेलं एखादं पत्र, काही देण्याघेण्याची खूण सापडेल असं मनात होतं. पत्र नव्हतं. अगदी तळाला, तिच्या लग्नाच्या शालूखाली, उपरण्याची घडी होती. वर हळदकुंकू वाहिलेलं. घडी उलगडली तर आतून वास आला. तो वास तू आणि मी शंभर वेळा हातांवरून धुतला आहे. तस्कर घाबरला की सोडतो तो.

ती घरी आली. मी घडी समोर ठेवून विचारलं, हे काय. मला वाटलं ती चाचरेल. ती उलट माझ्यावरच चिडली.

"तुम्ही हात लावलात? ती कोणाला दाखवायची नसते."

मग हळूहळू निघालं. मे महिन्यात एका दुपारी मी गावात गेलो होतो. पडवीत ट्रंक वाजायला लागली म्हणून ती बघायला गेली. जाळीतून पाहिलं तर दोन साप शेपट्यांना पीळ घालून एकमेकांना बिलगलेले. तिच्या माहेरी, पारनेरकडे, सगळे मानतात की सापांची जोडी जुळलेली दिसली तर न बोलता तिच्यावर नवं कोरं कापड टाकायचं, साप सुटले की कापड उचलून घडी करून ठेवायचं. घराला बरकत येते. पण कोणाला सांगायचं नाही, नवऱ्यालाही नाही. सापांना इतकी भिणारी माझी बायको जाळी सरकवून त्यांच्यावर उपरणं टाकून आली, आणि आठ महिने गप्प बसली.

मी म्हणालो, "दोन्ही माद्या होत्या."

ती म्हणाली, "मला तुमची खवल्यांची गणितं कळत नाहीत. पण जुळलेलं कळतं. मला वाटलं, तुम्ही जोडी म्हणूनच आणली असेल. शाळेसाठी."

मी वही काढली. राजूरच्या सापाचं चित्र मी तेव्हाच काढून ठेवलं होतं. शेपटीचा बुंधा जाड, चांगला लांबवर जाड, नराचा असतो तसा. टोक नुसतं तुटलं नव्हतं, बोटभर गेलेलं होतं. डोळ्यांना दिसलं तसं हाताने काढलं होतं आणि खाली मात्र स्वतःच्या अक्षरात लिहून टाकलं होतं: मादी. जे डोळ्यांसमोर होतं ते सोडून मी मोजत बसलो.

मग इंदूने विचारलं, हे आत्ता कशाला निघालं? सांगावं लागलं. तुला का काढलं तेही. तिने आतून एक डबा आणून माझ्यासमोर ठेवला. मग म्हणाली, "एप्रिलात गोरक्षने मला हिरडे आणून दिले होते. अजून डब्यात आहेत. मला एका शब्दाने विचारलं असतंत तर?" आणि उठून आत गेली. दोन दिवस ती माझं ताट वाढते आणि बाहेर जाऊन बसते.

तर नर मीच ठेवला होता. तू नाही.

मुख्याध्यापकांशी अजून बोललेलो नाही. काय सांगावं हे ठरत नाही. माझा विचार असा आहे: 'नव्याने मिळालेल्या माहितीवरून कोणाचाच दोष दिसत नाही' असं मी लिहून देतो. त्यात राजूर नको, ट्रंक नको. तू 'झालं गेलं विसरून मला परत घ्यावं' असा एक अर्ज कर. दोन्ही कागद बैठकीपुढे गेले की काम होईल. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही. शनिवारी मी स्वतः सुप्याला येतो. अर्ज तयार ठेव.

तुझा,
नृसिंह


सावेडी
रविवार, १४ जानेवारी १९७३

गोरक्षास,

काल तळ्यावर तू बोललास आणि मी ऐकून परत आलो. ते कागदावर असावं असं वाटतं, कारण तोंडी झालेलं मी उद्या माझ्या सोयीने आठवीन. मला माझा भरवसा राहिलेला नाही.

मी उन्हात तुला शोधत फिरत होतो आणि तू दिसेनास. तोंडावर धूळ, डोक्याला फडकं, सगळे सारखेच. राहीबाईंनी मला आधी पाहिलं. टोपली डोक्यावरची उतरवली नाही, तशाच म्हणाल्या, "हे का आल्यात? अजून काय न्यायचं ऱ्हायलंय?" तू हातोडा खाली ठेवून आलास आणि मला दगडावर बसायला फडकं झटकून दिलंस. मला वाटलं, काम झालं.

मी अर्जाचं विचारलं. तू म्हणालास, "अर्ज कशापायी करू? मी चुकलोय का?"

मी म्हणालो, चुकला नाहीस, पण रीत असते. माझ्याही नोकरीचा प्रश्न आहे.

"तुमचा प्रश्न हाय, मग तुमी अर्ज करा."

मी समजावत बसलो. नागाच्या गप्पा, मुख्याध्यापकांचा स्वभाव, समितीत कोण कोण आहे. तू ऐकून घेतलंस. मग जे बोललास ते शब्द जसे होते तसे लिहितो. "सर, चार नंबरच्या पिल्लाचा पट्टा खरा का खोटा, ह्यासाठी तुमी कात टाकायची वाट बघितली. मुंबईला चितारून धाडलं. आठ-आठ दिस थांबला. माझ्यापायी एक दिस तरी थांबला का? बाईंना इचारायला किती येळ लागतो? सात वर्सं तुमच्या हाताखाली काढली, आन तुमी माझं गाठोडं सोडून न बघता सांगितलं आत काय हाय ते."

मी म्हणालो, चूक झाली. तू म्हणालास, "चूक राजूरच्या सापाची केली. ती कुनाचीबी व्हईल, शेपूट तुटल्याली हुती. माझ्या बाबतीत चूक न्हाई केली. मी घाटातला, मी शिपाई, तुमी म्हनला ह्योच आसनार. ते ठरवूनच बसला हुता."

मुकादमाने शिट्टी मारली आणि तू गेलास. राहीबाईंनी जाताना पाणी विचारलं. टँकरचं होतं, लालसर. मी प्यायलो.

परत येताना एसटीत मी तुझ्या म्हणण्यात खोट शोधत होतो. केडगाव येईपर्यंत शोधली. सापडली नाही. पहिल्या दिवशी मुंबईचं पत्र वाचून माझ्या मनात दुसऱ्या कोणाचं नावच आलं नव्हतं. स्वतःचं तर नाहीच, आणि मी चार दिवस दोन साप एका ट्रंकेत ठेवलेला माणूस.

आज संक्रांत. सकाळी मुख्याध्यापकांच्या घरी जाऊन निवेदन दिलं. त्याची नक्कल सोबत जोडली आहे. त्यात राजूर आहे, अभ्रा आहे, ट्रंक आहे, तारखा आहेत, तुटलेली शेपूट आहे, आणि गोरक्षवरचा आरोप मी कोणताही पुरावा न पाहता केला असं वाक्य आहे. त्यांनी ते वाक्य काढा म्हणून सुचवलं. संस्थेची शोभा होईल म्हणाले. मी काढलं नाही. त्यांनी तिळगूळ दिला नाही, मीही मागितला नाही.

उद्या बैठक. काय होईल माहीत नाही.

नृसिंह


सावेडी
रविवार, १८ फेब्रुवारी १९७३

प्रिय गोरक्ष,

आपण आता एकाच शाळेत आहोत. तू खाली ऑफिसात, मी वर प्रयोगशाळेत. तरी हे पत्र टपालाने पाठवतो आहे, शाळेच्याच पत्त्यावर. उद्या परवा गठ्ठ्यात तुझ्याच हाताशी येईल. समोर बोलायला गेलो की तू उभा राहतोस, मान खाली घालतोस आणि 'हो सर' म्हणतोस, आणि माझं पुढचं राहून जातं.

समितीने तुला मागच्या पगारासकट परत घेतलं, मला लेखी ताकीद दिली आणि प्रयोगशाळेची जबाबदारी पुढच्या जूनपासून दुसऱ्याकडे जाईल असं ठरवलं. त्याबद्दल तक्रार नाही. कमीच झालं असं इंदू म्हणते. ती आता माझ्याशी बोलते. राहीबाई परवा येऊन गेल्या, दोघी पडवीत बसल्या होत्या. मी गेलो तर गप्प झाल्या. पूर्वी मी त्यावरून काय काय रचलं असतं. आता नुसता चहा मागितला.

पहिल्याच दिवशी तू मुख्याध्यापकांकडे जाऊन प्रयोगशाळेऐवजी ऑफिसचं काम मागून घेतलंस, हे मला त्यांच्याकडून कळलं. मला आधी वाटलं राग आहे, जाईल.

गुरुवारी तू टपाल घेऊन वर आलास. मुंबईचं पाकीट होतं. मी तुझ्यादेखत फोडलं. त्यांना मी सगळं खरं कळवलं होतं. त्यांनी लिहिलंय की आई कुठली, बाप कुठला आणि दिवस कोणते, हे सगळं माहीत असलेली अशी पिल्लं त्यांच्या पाहण्यात नाहीत, तेव्हा प्रत्येक कातीनंतर रंग टिपत राहा, आणि रंगाच्या नोंदी ज्याच्या नजरेने होतात त्याचंही नाव द्या. मी ते तुला मोठ्याने वाचून दाखवलं. मग म्हणालो, "चार नंबरने काल कात टाकलीय. पट्टा फिका झालाय का मलाच तसं दिसतंय, ते कळत नाही. एकदा आत येऊन बघ."

तू उंबऱ्याबाहेरच उभा होतास. आत पाय टाकला नाहीस. म्हणालास, "नको सर. उद्या एखादं पिल्लू कमी-जास्त झालं, तर गोरक्ष आत आल्ता आसं निघंल."

मी म्हणालो, अरे, मी कसा म्हणेन असं?

तू टपालाची वही पुढे केलीस. तुझ्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं. विहिरीला पाणी नाही असं सांगावं तसं सांगितलंस. मी वहीत सही केली, तू वही घेतलीस आणि जिना उतरून गेलास.

मुंबईला उत्तर लिहायचं आहे. पाच पिल्लांची चित्रं झाली. चार नंबरची मान कोरीच आहे. रोज सकाळी उजेडात पेटी खिडकीशी नेतो आणि पाहतो. एकदा पट्टा दिसतो, एकदा रेघा दिसतात. रंग भरायला घेतो आणि ब्रश पाण्यात ठेवून देतो.

तुझा,
नृसिंह